शेवटच्या ओळीतलं नाव

मालवणला जाऊन आले असं सांगितलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. किल्ल्यावर गेला होतात का, आणि मासे खाल्ले का. किल्ला मी किनाऱ्यावरूनच पाहिला. होडी ठरवली होती त्या सकाळी मी एका भजनीबुवांच्या ओटीवर बसून त्यांच्याशी कडाकडा भांडत होते. मासे मात्र खाल्ले, इतके की परतल्यावर आठवडाभर घरातल्या वरणभाताकडे बघवेना.

भजनीबुवांशी भांडण कशावरून, हे सांगायचं तर कायद्यापासून सुरुवात करायला हवी. घाबरू नका, थोडक्यात आवरते. (थोडक्यात आवरणं हिला आजवर जमलेलं नाही, असं आमच्या घरी म्हणतात. म्हणोत बापडे.)

मी मूळची सोलापूरची, वकिली मुंबईत. पुस्तक कुणाचं, गाणं कुणाचं, चित्र कुणाचं यावरून लोक भांडतात आणि त्यावर माझी चूल पेटते. या कॉपीराइटच्या कायद्यात नुकतीच, १९८४ साली, मोठी दुरुस्ती झाली. कारण कॅसेट. घरोघरी टेपरेकॉर्डर आले, गावोगावी व्हिडिओ पार्लरं निघाली, आणि एका कॅसेटवरून ढीगभर कॅसेटी भरून विकणं हा राजरोस धंदा झाला. म्हणून दिल्लीने कायदा कडक केला. चोरट्या कॅसेटी विकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पोलिसांना माल जप्त करायची मुभा, आणि कॅसेट कुणी काढली नि हक्क कुणाचा हे तिच्यावर नावपत्त्यासकट छापायची सक्ती. हे लोकांना समजावून सांगायचं असं आम्ही काही वकिलांनी ठरवलं आणि नव्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा वाटा माझ्याकडे आला. मी जराही कुरकुरले नाही. डिसेंबर होता, कोर्टाला सुट्टी लागत होती आणि समुद्र फुकट होता.

वाचनालयात

उतरले सामंत मास्तरांकडे. मास्तर म्हणजे निवृत्त हेडमास्तर आणि इथल्या वाचनालयाचे चिटणीस. माझ्याशी बोलताना ते इतकी शुद्ध मराठी काढत की मीच वाक्य जुळवून बोलू लागले, आणि तेच मास्तर मान वळवून बायकोला हाक मारत, "खंय गेलंस गो? पावणीक पाणी दी मा!" त्यांच्या पत्नी माई आमच्या दोघांच्याही बोलण्याला फारशी किंमत न देता पानावर वाढत राहिल्या. उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं तिखलं आणि वाटीभर सोलकढी. आम्ही सोलापूरकर कडक भाकरी नि शेंगाचटणीवर वाढलेली माणसं. आमच्याकडे तिखट खाल्लं की डोळ्यांतून पाणी येतं आणि त्याचा आम्हाला अभिमानही वाटतो. इथे तिखटाला नारळ सांभाळून घेतो. मी तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा माई पहिल्यांदा हसल्या.

संध्याकाळी व्याख्यान. वाचनालयाचा हॉल भरला होता, आणि मी भलतीच खूश झाले. नंतर कळलं की निम्मे लोक फुकटात व्हिडिओ दाखवणार आहेत या समजुतीने आले होते. पण उठून कुणी गेलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा. मी तासभर बोलले. नव्या दुरुस्तीत संगणकाच्या आज्ञावलीलाही साहित्य मानलं आहे, असं सांगितल्यावर पुढच्या रांगेतले एक गृहस्थ काळजीने म्हणाले, "म्हणजे ती आम्ही कादंबऱ्यांच्या कपाटात ठेवायची काय?"

मग मी गाण्याकडे वळले. एका गाण्यात हक्क कुणाकुणाचा असतो? शब्द रचणाऱ्याचा, चाल लावणाऱ्याचा आणि ते ध्वनिमुद्रित करणाऱ्याचा.

"आणि गाणाऱ्याचो?" मागून कुणीतरी विचारलं.

"गाणाऱ्याचा नाही," मी म्हटलं. "आपल्या कायद्यात गाणाऱ्याला अजून जागा नाही."

हॉलमध्ये एकदम गलका झाला. गाणाऱ्याला जागा नाही आणि बटण दाबणाऱ्याला आहे? हा कसला कायदा? मी आपली हात वर करून सांगत्येय की बाबांनो, हा कायदा मी केलेला नाही! पण त्या क्षणी समोर दिल्लीचं माणूस म्हणून मीच सापडले होते.

सभा संपली आणि सामंत मास्तर प्रसन्न मुद्रेने टेबलाखालून टेपरेकॉर्डर काढून म्हणाले, "आपलं संपूर्ण भाषण टेप केलं आहे. जे येऊ शकले नाहीत त्यांना आम्ही कॅसेटी भरून देणार आहोत."

"मला न विचारता?"

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला इतकं हसू लोटलं की टेबलाचा आधार घ्यावा लागला. परवानगी दिली, काय करणार!

तेवढ्यात मघाचा प्रश्नकर्ता पुढे आला. पन्नाशीचा सडपातळ माणूस, अंगात धुवट पांढरा सदरा, कपाळाला गंध, तळहातांना दोरीने पडलेले घट्टे. मास्तरांनी ओळख करून दिली. हे अंकुशबुवा, पंचक्रोशीतले नामांकित भजनीबुवा. सकाळी मासेमारीला रापणीवर असतात, बाकी वेळ भजनात. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. इकडे भजन दोन मंडळ्यांत समोरासमोर रंगतं. एक बुवा गातो, मग दुसरा त्याला गाण्यातूनच उत्तर देतो, चिमटे काढतो, कोडी घालतो, आणि माणसं देऊळ भरून ऐकतात. याला डबलबारी म्हणतात. आमच्याकडे कुस्तीला जेवढी गर्दी होते तेवढी इथे याला.

बुवांनी खिशातून एक कॅसेट काढून माझ्यासमोर आदळली. गाणारा कुडाळकडचा मनोहरबुवा.

"ह्यात्ली चार गाणी आमची," अंकुशबुवा म्हणाले. "शबुद ना शबुद आमचो. आणि शेवटच्या ओळीत काय म्हणता? मनोहर म्हणे! बाई, माका खटलो घालूचो आसा."

मला तर आनंदच झाला. नव्या दुरुस्तीनंतरचा जिल्ह्यातला पहिला खटला! परवा सकाळी घरी येते म्हटलं आणि होडी ठरली होती हे साफ विसरले.

दांडीच्या किनाऱ्यावर

मधला एक दिवस मोकळा होता. माई म्हणाल्या, रापण बघून या. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलं मोठं जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल टाकून येते आणि मग दोन्हीकडच्या दोऱ्या धरून माणसं ते काठावर आणतात. बायका, म्हातारे, येणारेजाणारे, सगळे दोरीला. माझ्याच्याने नुसतं बघत राहवेना. पदर खोचला आणि शेवटी जाऊन दोरी धरली.

"वकीलबाय, तुमी दोरी वडूक इलास काय धरून उभी रवाक?" पुढून एक बाई ओरडली आणि सगळी दोरी हसली.

चाळिशी उलटलेली, काळीसावळी, नऊवारी गुडघ्यापर्यंत घट्ट कसलेली, आवाज असा की लाटेवरून पलीकडे जावा. ही भागीरथी, अंकुशबुवांची धाकटी बहीण. नवरा होडी घेऊन गेला तो परत आला नाही. तेव्हापासून भावाच्या घरी राहते आणि बाजारात मासे विकते. हे मला तिनेच सांगितलं, दोरी ओढता ओढता, पावसाळ्याची हकीकत सांगावी तसं.

जाळं आलं. चांदीचा चुरा सांडल्यासारखे बांगडे नि पेडवे वाळूवर उडत होते. वाटण्या सुरू झाल्या आणि कुणीतरी माझ्याही ओंजळीत चार बांगडे टाकले. मी नको नको म्हणू लागले तर भागीरथीने डोळे वटारले. "घेवा! दोरीक हात लावलास मा? मगे वाटो तुमचो." मासे ओंजळीत धरून मी भर गावातून मास्तरांच्या घरी चालत गेले. पाणी साडीवरून गळत होतं, मांजरं मागे लागली होती, आणि मला फार बरं वाटत होतं.

बुवांची ओटी

आता ते भांडण.

बुवांचं घर किनाऱ्यालगत, माडांत. शेणाने सारवलेली ओटी, भिंतीला टांगलेला पखवाज, कोपऱ्यात पेटी. बुवांनी मला ते भांडणातलं गाणं पेटीवर म्हणून दाखवलं. "तार रे विठ्ठला, तारू माझे तार." मी भजनातली जाणकार नाही, पण सांगते, ऐकताना माझी मान आपोआप डोलू लागली. शेवटी आलं,

*अंकुश म्हणे माझे रिकामे रे जाळे,*
*तुझ्या नावे भरले, आता नको फार.*

"चाल कुणाची, बुवा?" मी विचारलं.

"पिक्चरची!" बुवा अभिमानाने म्हणाले. "हिंदी पिक्चरची. पब्लिक खूश होता."

झालं. मी कपाळावर हात मारला. चोरीची तक्रार करायला निघालेल्या गृहस्थांची चालच मुळी उचललेली! म्हटलं, बरं, चाल बाजूला ठेवू. खटला फक्त शब्दांवर घालू. कोर्टात समोरचा वकील तुम्हाला शब्दांवरून खोदखोदून विचारेल, तेव्हा आधी मीच विचारते. जाळं देवाच्या नावाने भरलं, मग 'नको फार' का? मासे जास्त आले तर कुणाला नको असतात?

बुवा पेटीच्या भात्याशी चाळा करत राहिले. मग आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले, "भागे, ता 'नको फार' कित्याक गो?"

"जाळां फाटता म्हणान!" आतून भाकरीच्या थापटण्यासोबत आवाज आला.

मी आणखी दोन प्रश्न विचारले. दोन्ही वेळा बुवांनी आत विचारलं आणि दोन्ही वेळा आतून ताबडतोब उत्तर आलं. मी काही दुधखुळी नाही.

"बुवा," मी म्हटलं, "ही गाणी कुणी रचली?"

"आमी."

"आम्ही म्हणजे कोण?"

मग जे भांडण जुंपलं ते काय सांगू! मी म्हणत होते की रचणाऱ्याचं नाव खरं सांगितलंत तरच दावा उभा राहील. शपथेवर खोटं सांगितलंत आणि ते उघडं पडलं तर तुम्हीच आत जाल. ते म्हणत होते की एवढी वर्षं देवळादेवळांत मी गातोय, लोक मला ओळखतात, आणि तुम्ही मुंबईची बाई येऊन मला विचारता गाणी कुणाची? मी म्हटलं, मला माहीत आहे कुणाची, तुम्ही सांगा. त्यावर ते ताडकन उठले.

"आवाजाक कायद्यात जागा नाय. चाल पिक्चरची. आणि शबुद हिचे. मगे माझां काय ऱ्हवलां, बाई? सांगा मा! माझां काय ऱ्हवलां?"

एवढं म्हणून ते अनवाणीच किनाऱ्याकडे निघून गेले. मला त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटलं. कारण त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. कायद्याच्या चाळणीतून त्या माणसाला चाळलं तर खाली काहीच उरत नव्हतं.

भागीरथी पिठाचे हात पुसत बाहेर आली. "तेच्यार रागवा नको," ती म्हणाली. "लहानपणापासना असांच आसा. तेका देवान आवाज दिल्यान, माका शबुद दिल्यान. मी भाकरी थापताना जोडतंय, तो गाता."

"मग शेवटच्या ओळीत तुझं नाव का नाही?"

ती मोठ्याने हसली. "माझां? देवळात? बाई, मी बांगडे इकतंय."

"संत बायकांची नावं नाही का गात?"

"ती संत. माका बघल्यार लोक काय म्हणतले? बांगड्यांची पाटी खंय ठेवलंस, म्हणतले." मग हसणं थांबवून तिने विचारलं, "तेना खरां सांगल्यान तर तेका कोण बुवा म्हणात काय?"

मी खोटं कशाला बोलू? म्हटलं, ठाऊक नाही. कुणी म्हणेल, कुणी हसेल. खरं सांगितलं तर बुवांची इतक्या वर्षांची पत पणाला लागणार. नाही सांगितलं तर खटला नाही, आणि ही गाणी मनोहरबुवाच्या नावाने गावोगाव फिरत राहणार.

"मगे फिरांदेत," ती म्हणाली आणि मला गरम भाकरी वाढली, वर काळ्या वाटाण्याची आमटी. वाद घालायला तोंड मोकळं ठेवलंच नाही.

देवळात

दुसऱ्या दिवशी माझी परतीची एस.टी. होती. पण वाडीतल्या देवळात जत्रेनिमित्त डबलबारी होती, आणि समोरासमोर कोण? अंकुशबुवा आणि मनोहरबुवा! मी तिकीट रद्द केलं. माई म्हणाल्या, "शाणपण केलंस." एरवी हा सामना रात्री रंगतो, पण यंदा विजेचा काही भरवसा नव्हता म्हणून दुपारीच ठेवला होता. देवळाच्या अंगणात गुळाच्या खाज्याची नि चण्यांची दुकानं, आत एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. मी बायकांत, भागीरथीच्या शेजारी दाटीवाटीने बसले.

मनोहरबुवाला मी मनात चांगला कपटी, बारीक डोळ्यांचा रंगवला होता. प्रत्यक्षात निघाला गोलमटोल, पान खाऊन लाल ओठांचा, पोरांनाही नमस्कार करणारा माणूस. वाईट वाटलं. आवडू नये अशी माणसं आवडू लागली की माझं काम अवघड होतं.

पहिले दोन फेरे हसतखेळत गेले. मग मनोहरबुवाने सूर लावला, "तार रे विठ्ठला, तारू माझे तार." भागीरथीने माझं मनगट घट्ट धरलं. गाणं पुढे सरकलं आणि शेवटच्या ओळीत त्याने खुशाल म्हटलं, "मनोहर म्हणे."

"थांबवा!" अंकुशबुवा ओरडले. "ह्यां गाणां आमचां!"

झांजा थांबल्या. मनोहरबुवाने शांतपणे पान गालात सारलं. "अंकुशबुवा, ह्यां गाणां मी जत्रेत ऐकलंय. जुनां, देवाचां समजान घेतलंय. आणि जो गाता तो आपलां नाव घालता, ही रीत मी काय नवी काढूक नाय. भजन म्हणजे रापणीची दोरी. जेणी वडली तेका वाटो. काय रे मंडळी?"

"होय म्हाराजा!" लोक गरजले.

"पण तुमचां म्हणतास, तर ठीक. जेणी रचल्यान तेका पुढचां येवकच व्हयां. जोडा बघया हयच एक नवां कडवां!"

"होय म्हाराजा!" आणखी मोठ्याने.

कोर्टात मी याहून चांगली उलटतपासणी केली नसती. अंकुशबुवांची बोटं पेटीवर तशीच होती. खरं तर त्यांना निसटता आलं असतं. दुसऱ्या कुठल्या गाण्यातलं कडवं इथे बेमालूम बसवायला एवढ्या मुरलेल्या बुवाला काय कठीण? त्यांच्या मनातही ते आलं असणार, कारण त्यांनी एक सूर दाबला. मग भाता बंद केला आणि ते उठून उभे राहिले.

"गाणां माझां न्हय," ते म्हणाले. "मनोहरबुवांचांय न्हय. माझ्या भयणीचां. हीच न्हय, माझी सगळी गाणी तिची. इतकी वर्सां मी माझां नाव लावन म्हणलंय." मग बायकांकडे वळून, "भागे, सांग गो पुढचां."

शेजारच्या भागीरथीने पदर तोंडावर ओढून घेतला होता. मागून कुणीतरी खुसखुसलं. "गो उठ मा!" म्हणून एका म्हातारीने तिला कोपराने ढोसलं. ती उठली नाही. बसल्या बसल्याच, जमिनीकडे बघत, बाजारातल्या तिच्या आवाजाच्या पावपट आवाजात तिने एक ओळ सांगितली. बुवांनी ती पेटीवर घेतली. मग दुसरी. ती सांगायची, तो गायचा.

*दर्याने नेला धनी, दर्या देतो घास,*
*त्याच्यावरी रागावू की करू मी विश्वास?*

बायकांच्या बाजूला एकदम सगळं हलल्यासारखं झालं. त्या वाडीत प्रत्येकीच्या घरातलं कुणी ना कुणी समुद्रावर होतं. खुसखुसणाऱ्या बाईने डोळ्याला पदर लावला. मी वकील आहे, चारचौघांत रडत नाही, असं मी नेहमी सांगते. त्या दिवशी ते खोटं ठरलं.

भागीरथीने तिसरी ओळ सांगितली, रोजच्या सवयीने सांगितली: "अंकुश म्हणे देवा, तूच सांग सार."

अंकुशबुवांनी आवाज चढवला आणि खणखणीत म्हटलं,

*भागीरथी म्हणे देवा, तूच सांग सार,*
*तार रे विठ्ठला, तारू माझे तार.*

तिने झटकन मान वर केली. तोंडावरचा पदर खाली आला होता, ते तिच्या ध्यानातही नव्हतं. बुवांनी ती ओळ पुन्हा म्हटली, आणि पुन्हा. मनोहरबुवाने ती दोनदा ऐकली. तिसऱ्या वेळी त्याने मांडीवरची झांज उचलली आणि आपल्या सगळ्या मंडळीसकट मागे सूर धरला, "भागीरथी म्हणे, भागीरथी म्हणे." देऊळ दणाणून गेलं.

सामना कोण जिंकलं ते मला कळलं नाही. तिथे कुणी विचारतही नव्हतं. नंतर अंगणात मनोहरबुवाने भागीरथीला हात जोडले. "बाय, मी चोरूक नाय. माका ठावक नव्हतां. पुढच्या कॅसेटीर तुमचां नाव छापतंय. ह्यो शबुद माझो." मी लगेच पुढे सरसावले आणि कायद्याप्रमाणे छापणं बंधनकारकच आहे म्हणून सांगू लागले, तर अंकुशबुवा म्हणाले, "बाई, ऱ्हवांदे. तेना शबुद दिल्यान मा." जिल्ह्यातला तो पहिला खटला असा जागच्या जागी बुडाला. त्याचं मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मी दोन पुड्या खाजं घेतलं आणि एक तिथेच संपवलं.

निघताना

सकाळी एस.टी.ला वेळ होता म्हणून किनाऱ्यावर गेले. वाटेत चहाच्या दुकानात कुणीतरी अंकुशबुवांना टोमणा मारत होतं, "काय बुवा, आता पेटी भयण वाजयतली काय?" बुवांनी बशीतला चहा शांतपणे संपवला. "आवाज माझो, शबुद तिचे. तुझां काय आसा थंय?" दुकान खदाखदा हसलं, आणि हसणं टोमणा मारणाऱ्यावर होतं. मालकाने "बुवानू, आणि एक घेवा" म्हणत त्यांच्यापुढे दुसरा चहा ठेवला. बुवा बुवाच राहिले होते. माझ्या मनावरचं ओझं उतरलं.

भागीरथी पाटीत बांगडे लावत होती. मला बघून म्हणाली, "इलास? आज दोरी धरून उभी रवाक नाय?"

मी वाळूत तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, आता तुझं जे आहे ते नीट ऐकून घे. गाण्याचे शब्द तुझे. तुला विचारल्याशिवाय ते कुणी छापायचे नाहीत, कॅसेटवर भरायचे नाहीत, तुझं नाव पुसायचं नाही. तू आहेस तोवर, आणि तुझ्या मागे आणखी पन्नास वर्षं.

तिचा हात थांबला. "मी मेल्यार? पन्नास वर्सां?"

"पन्नास."

"अरे देवा!" ती इतकी हसली की पाटीतले दोन बांगडे घरंगळले. "जिती असताना कोण इचारी नाय, आणि मेल्यार पन्नास वर्सां!" मग बांगडे उचलून जागेवर ठेवताना तिचं हसणं ओसरलं. "आणि अंकुशाचां?"

"काय?"

"तेच्या आवाजाचां. तेका किती वर्सां?"

चार दिवसांपूर्वी भर सभेत मी ते बिनधास्त सांगितलं होतं. त्या सकाळी तिच्या तोंडावर सांगायला जीभ रेटेना. तरी सांगितलं. काही नाही. आवाजाला अजून काहीच नाही.

"ह्यां बरां न्हय," ती म्हणाली. चुंबळ डोक्यावर ठेवली, पाटी उचलायला मी हात लावला, आणि ती ताठ उभी राहिली. "माझे शबुद घरात भाकरीच्या पिठात मेले असते. तेना गायले म्हणान देवळात गेले. तुमचां थंय दिल्लीक कोण ऐकता मा?"

"कधी कधी ऐकतात."

"मगे तेंका सांगा. गाणाऱ्याकय वाटो व्हयो म्हणान सांगा."

"सांगते," मी म्हटलं.

ती बाजाराच्या वाटेला लागली. चार पावलं गेल्यावर पाटी सावरत वळली आणि लाटेवरून पलीकडे जाणाऱ्या त्या आवाजात ओरडली, "आणि कोणी सांगल्यान म्हणान इचारल्यानी, तर माझां नाव घाला! भागीरथीन सांगल्यान म्हणा!"